पावट्यावरील निळे फुलपाखरू : ओळख व जीवनक्रम

भोर तालुक्यातील आंबवडे येथे नागेश्वर मंदिराभोवती दाट झाडी आहे. पावसाळा सरत आला म्हणजे अशा झाडीच्या कडेस, ओलसर मातीवर, लहान निळी फुलपाखरे बसलेली आढळतात. तशाच रंगाची फुलपाखरे भातानंतरच्या पावट्यावर भिरभिरू लागली की शेतकरी सचिंत होतो. परंतु निळे तेवढे पिकाचे वैरी, असे समजणे युक्त नव्हे.

उडत्या फुलपाखराच्या रंगावरून निर्णय करू नये. ते पंख मिटून बसले असता खालची बाजू पाहावी. ती रुपेरी पांढरी असून तीवर काळे ठिपके विखुरलेले असतील व पंखास शेपटी नसेल, तर ते रानातील निळे फुलपाखरू होय. त्याची अळी कोशिंब, माधवीलता इत्यादींच्या कोवळ्या पानांवर वाढते. पावट्याच्या शेंगेस तिचा उपद्रव नाही. याउलट खालची बाजू करड्या तपकिरी रंगाची, पांढऱ्या नागमोडी रेषांची, मागील पंखास केसासारखी बारीक शेपटी व तिच्याजवळ दोन काळे ठिपके असतील, तर ते शेंगा पोखरणाऱ्या अळीचे फुलपाखरू समजावे. ही शेपटी मिशांसारखी भासते व पक्षी डोके समजून तेथेच चोच मारतो, हीही मौजच! नर जांभळट निळा असतो; मादी बहुतांशी तपकिरी असल्याने ती सहसा ध्यानात येत नाही, आणि अंडी तर तीच घालते.

मादी कळ्यांवर व फुलांवर एकेक अंडे घालते. थोड्याच दिवसांत अळी बाहेर पडून कळीत शिरते, पुढे शेंग पोखरून आतील दाणे खाते. कोष वाळलेल्या पानांत अथवा पाचोळ्यात आढळतो. पीक नसते तेव्हा ही जात पळसाच्या फुलांवर व खुळखुळ्यासारख्या रानझुडपांवर निभाव लावते.

घाटेअळी व ही अळी यांत पुष्कळदा गल्लत होते. घाटेअळी लांबट, इंच दीड इंचाची असून निम्मे अंग शेंगेबाहेर ठेवून खाते. ही मात्र जेमतेम अर्धा इंच, चपटी व गोगलगाईसारखी असून तिचे डोके अंगाखाली लपलेले असते. तिच्या पाठीवरील ग्रंथीतून गोड रस पाझरतो व त्यासाठी मुंग्या तिच्याभोवती जमतात. तेव्हा फुलोऱ्यावर मुंग्यांची ये-जा दिसताच ग्रामकार्यकर्त्याने कळ्या उकलून पाहाव्यात. मावा असला तरी मुंग्या येतात, हे विसरू नये.

अळी शेंगेत शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. खर्च मात्र होतो. म्हणून कळ्या दिसू लागताच पाहणी सुरू करावी. किडलेल्या कळ्या व शेंगा तोडून नष्ट कराव्यात. 5 किलो निंबोळी पूड पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, एकूण 100 लिटर पाणी करून फवारावे. फवारणी सायंकाळी, मधमाश्या फुलांवरून परतल्यावर करावी.