मे महिन्यातील दक्षिण आकाश

भारताचा दक्षिणोत्तर विस्तार सुमारे ३,२०० किलोमीटर आहे. त्यामुळे देशाच्या सर्व भागांतून रात्रीचे आकाश सारखे दिसत नाही. कन्याकुमारीहून सहज दिसणारे काही तारे दिल्लीच्या क्षितिजावर कधीच उगवत नाहीत. अशा ताऱ्यांच्या दर्शनासाठी मे महिना विशेष सोयीचा होय. कारण या काळात ते रात्रीच्या प्रारंभीच दक्षिणेला सर्वाधिक उंचीवर येतात आणि नैर्ऋत्य मोसमी पाऊस अद्याप सुरू व्हावयाचा असतो.

महिन्याच्या मध्यास रात्री नऊ ते साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिल्यास हस्त नक्षत्राचा चौकोन दिसतो. तेथून सरळ खाली क्षितिजाकडे नजर नेली की पतंगाच्या आकारातील चार ठळक तारे आढळतात. हाच त्रिशंकू. विश्वामित्राने सदेह स्वर्गात पाठविलेला आणि इंद्राने नाकारल्यामुळे अधांतरी राहिलेला राजा म्हणून पुराणकथेत तो परिचित आहे. त्यातील सर्वांत खालचा तारा कन्याकुमारीहून सुमारे १९ अंश, तर मुंबईहून जेमतेम ८ अंश उंचीपर्यंत चढतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश व्यापते, यावरून या उंचीची कल्पना यावी.

त्रिशंकूच्या डावीकडे नरतुरंगातील मित्र व मित्रक हे दोन तेजस्वी तारे असून रात्री अकरानंतर ते चांगले दिसतात. मित्र हा रात्रीच्या आकाशातील तिसऱ्या क्रमांकाचा ठळक तारा आहे. डोळ्यांना एकच भासणारा हा तारा वस्तुतः जोडतारा असल्याचे जाँ रिशो या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६८९ मध्ये पुदुच्चेरीहून दुर्बिणीतून पाहिले. सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा असलेला, सुमारे ४.२४ प्रकाशवर्षे अंतरावरील मंद तारा याच कुटुंबातील आहे.

चित्रा ताऱ्यापासून सरळ खाली, सुमारे ३६ अंशांवर धुरकट ठिपक्यासारखा दिसणारा ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ आहे. सुमारे १७,००० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या गुच्छात अंदाजे एक कोटी तारे आहेत. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतूनही त्याचे रूप खुलते.

क्षितिजालगतच्या ताऱ्यांचा प्रकाश वातावरणाच्या जाड थरातून येतो. त्यातच शहरांच्या दिव्यांची प्रभाही क्षितिजावरच अधिक साचते. म्हणूनच प्रकाश प्रदूषणाचा पहिला फटका दक्षिणेच्या या ताऱ्यांना बसतो. लडाखमधील हानले येथे २०२२ मध्ये गडद आकाशाचे संरक्षित क्षेत्र घोषित झाले, ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि तेथून त्रिशंकू पाहता येत नाही. हे तारे पाहावयाचे तर दक्षिणेकडील आकाशच काळोखे राहिले पाहिजे. तमिळनाडूतील कावलूर येथील वेणू बाप्पू वेधशाळा सुमारे साडेबारा अंश उत्तर अक्षांशावर असल्याने दक्षिण आकाशाच्या अभ्यासास उपयुक्त ठरली आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पालाही २०२४ मध्ये गडद आकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

रस्त्यावरील दिव्यांना वरून झाकण बसविणे, प्रकाश केवळ जमिनीकडे वळविणे आणि अनावश्यक दिवे मालविणे, हे उपाय ग्रामपंचायतीलाही परवडण्याजोगे आहेत. त्यांमुळे विजेची बचत होते. शिवाय अमावास्येच्या आसपास दक्षिणेकडे मोकळे क्षितिज असलेल्या गावातील मुलांना त्रिशंकू कथेतच नव्हे, तर आकाशातही भेटतो.