मोडीत घालण्याआधी पदकावरचे नाव वाचा

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत जुने वाडे आणि चाळी पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरची पेटी खाली येते. एखाद्या पेटीत आजोबा-पणजोबांच्या वेळची तांब्या-पितळेसारखी दिसणारी गोल चकती निघते. एका बाजूला राजा किंवा राणीचे तोंड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी किंवा फ्रेंच अक्षरे. नाणे म्हणून ती चालत नाही आणि दागिना म्हणून घालता येत नाही. मग ती जुन्या भांड्यांबरोबर मोडीच्या भावाने जाते.

अशा काही चकत्या जागतिक प्रदर्शनांच्या निशाण्या असतात. त्यांची किंमत धातूच्या वजनावर ठरत नाही. ती कोणाला मिळाली, कोठे मिळाली आणि तिच्याबरोबर कागद आहे का, यावर ठरते. व्यापारी बांधवांनी हा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे.

ही प्रदर्शने कोणती?

पहिले मोठे प्रदर्शन १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये, काचेच्या प्रचंड महालात भरले. सुमारे ६० लाख लोकांनी ते पाहिले. हिंदुस्थानातून तेथे ढाक्याची मलमल आणि काश्मिरी शाली गेल्या होत्या. पुढे १८५५ मध्ये पॅरिस, १८८३-८४ मध्ये कलकत्ता, १८९३ मध्ये शिकागो आणि १९२४-२५ मध्ये लंडनजवळ वेम्बली येथे मोठी प्रदर्शने भरली.

यांचा आपल्या भागाशी काय संबंध, असे कोणी विचारील. मध्य रेल्वेच्या गाडीने भायखळ्याला उतरा. राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे मूळ याच प्रदर्शनांत आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातील माल गोळा करताना त्याचे नमुने येथेही ठेवावेत, या विचारातून त्याचा पाया पडला. आजच्या इमारतीत ते १८७२ पासून आहे.

आपल्या धंद्याला लागू पडणारे दुसरे उदाहरण फोर्ब्स वॉटसन यांचे. त्यांनी १८६६ मध्ये हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत लावले आणि असे २० संच तयार केले. त्यांतले १३ विलायतेत राहिले आणि ७ हिंदुस्थानात आले. विलायती गिरण्यांना आपल्या लोकांची आवड कळावी, हा त्यामागचा हेतू होता. नमुन्याखाली गाव, लांबी-रुंदी, वजन, भाव अशी माहिती आहे. विणणाऱ्याचे नाव नाही. म्हणूनच ज्या पदकावर कारागिराचे किंवा पेढीचे नाव कोरलेले आहे, ते आपल्या धंद्याच्या इतिहासाचा दुर्मिळ पुरावा ठरते.

तीन प्रकार ओळखा

पहिला प्रकार बक्षिसाच्या पदकाचा. १८५१ मध्ये सर्वांत वरचे कौन्सिल पदक फक्त १७० जणांना मिळाले, त्याखालचे बक्षीस पदक २,९१८ जणांना. बक्षीस पदकाच्या कडेवर मिळवणाऱ्याचे नाव आणि मालाचा वर्ग ठोकलेला असतो. शिकागोच्या पदकावर हे नाव मागच्या बाजूच्या चौकटीत असते. शिकागोला पदकाचा दर्जा एकच होता आणि धातू ब्राँझ. कोणी "शिकागोचे सोन्याचे बक्षीस" म्हणून माल दाखवला, तर तेथेच हात आखडता घ्या.

दुसरा प्रकार भाग घेणाऱ्याच्या पदकाचा. माल मांडणाऱ्या प्रत्येकाला १८५१ मध्ये असे पदक मिळाले. मांडणारे सुमारे १४,००० होते, म्हणून ते तितके दुर्मिळ नाही.

तिसरा प्रकार प्रेक्षकांना विकलेल्या निशाण्यांचा. काचमहालाचे चित्र असलेली पांढऱ्या धातूची पदके, शिकागोला यंत्रात दाबून लांबट केलेली नाणी, वेम्बलीच्या सिंहाचे बिल्ले आणि डबे हे सर्व त्यात येते. वेम्बलीच्या निमित्ताने १९२४ मध्ये निघालेली दोन तिकिटे ही ब्रिटनची पहिली स्मारक टपाल तिकिटे होत. या वस्तू भरपूर निघाल्या, त्यामुळे त्यांचा भाव त्यांच्या स्थितीवर ठरतो. विकणारा बहुधा तिसऱ्या प्रकाराला पहिला म्हणून सांगतो. नाव कोठे आहे ते आधी पाहावे, भावाचे नंतर बोलावे.

कापडाच्या निशाण्याही निघाल्या. कव्हेंट्रीचे थॉमस स्टीव्हन्स यांनी १८७९ मध्ये यॉर्कच्या प्रदर्शनात लोकांसमोर मागावर रेशमी चित्रे विणून विकली. ही जॅकार्डची करामत आहे. आपल्या विणकर मंडळींना पत्ते लावलेला माग समजावून सांगावा लागत नाही.

जपणूक कशी करावी?

धातूवरची जुनी तपकिरी झाक हा मळ नव्हे. चिंच, राख किंवा पॉलिश पावडरने घासलेले पदक चकाकते, पण घेणाऱ्याच्या नजरेत त्याची किंमत उतरते. त्याला भोक पाडू नये, कडी जोडू नये. मूळ डबी, प्रशस्तिपत्र, पत्रव्यवहार वेगळे करू नयेत. उर्दू, मोडी किंवा गुजराती कागद वाचता येत नाही म्हणून टाकू नये, वाचणारा शोधावा.

रेशमी रुमाल किंवा विणलेले चित्र घडी घालून ठेवले की घडीवर तुटते. ते गुंडाळून ठेवावे. गुंडाळायला मांजरपाट चांगले, पण ते धुऊन खळ काढलेले असावे. खळ राहिली की कसर लागते. जरीला डांबराच्या गोळ्या लागू देऊ नयेत. आपल्या दमट हवेत पावसाळ्यानंतर एकदा पेटी उघडून पाहावी.

कायदा आणि वाटणी

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुने नाणे किंवा ऐतिहासिक महत्त्वाची कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. वेम्बलीच्या निशाण्यांनीही आता शंभरी गाठली आहे. अशी वस्तू घरात बाळगायला मनाई नाही. पण पुरावशेषांच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाने ते परदेशी नेणे गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. आखातात चांगले गिऱ्हाईक मिळाले म्हणून सुट्टीवर आलेल्या मुलाच्या बॅगेत पणजोबांचे पदक घालू नका. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून, वस्तू पुरावशेष नाही असा दाखला आधी घ्यावा.

वारसांत वाटणी करताना पदक तोडून वाटता येत नाही. त्याची किंमत जाणकाराकडून ठरवून घ्यावी. एकाने वस्तू ठेवावी आणि बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याची रक्कम द्यावी. किंमत न ठरवता कोणी गुपचूप उचलून नेले, तर बहिणीचा हक्क बुडतो आणि घरात कायमची कटुता येते.

आजच्या निशाण्या

हा धंदा फक्त जुन्या वस्तूंचा नाही. दुबईचे प्रदर्शन ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात भरले. आपल्या भागातील किती तरी कुटुंबांतली माणसे तेव्हा तेथे कामाला होती. देशोदेशींच्या दालनांत शिक्के मारून घेतलेले प्रदर्शनाचे पासपोर्ट त्यांच्या घरी आहेत. पुढचे मोठे प्रदर्शन २०३० मध्ये रियाधला आहे. आज या पासपोर्टला मोठा भाव नाही, आणि उद्या येईलच अशी खात्री कोणी देऊ नये.

मात्र त्याबरोबर एका कागदावर लिहून ठेवा: कोण गेले होते, कोणत्या कामावर होते, कोणत्या तारखेला प्रदर्शन पाहिले. कामाचे ओळखपत्र आणि एक फोटो त्याच पाकिटात घाला. शंभर वर्षांपूर्वीच्या पुष्कळ पदकांचे मोल एवढ्याच कागदाअभावी गेले. तागा कितीही चांगला असला तरी त्यावर छाप नसेल तर गिऱ्हाईक आधी विचारते, माल कोणाचा? घरातल्या निशाणीलाही तोच सवाल विचारला जाणार आहे, आणि त्याचे उत्तर ज्यांना माहीत आहे ती माणसे आज आपल्यात आहेत.