गट नकाशा काढायचाय, पण कॅनव्हास लायब्ररी कुठली घेऊ?

समजा तुमच्या संशोधनासाठी बोदवड तालुक्यातल्या एका गावाचा गट नकाशा कॉम्प्युटरवर उतरवायचा आहे. स्कॅन केलेली प्रत खाली ठेवायची, तिच्यावर माऊसने बांध गिरवायचे, गट नंबर टाकायचे, चुकलेला कोपरा ओढून जागेवर आणायचा. यासाठी एक छोटं डेस्कटॉप ॲप लिहायचं ठरतं आणि पहिला प्रश्न येतो: चित्र काढायला लायब्ररी कुठली? आपण गुगल करतो, कोण किती वेगवान आहे याचे तक्ते बघतो आणि सगळ्यात वरची उचलतो. मीही तेच केलं होतं. नंतर जे निस्तरावं लागलं, त्यात वेगाचा संबंध फारसा नव्हता.

आधी एक फरक समजून घ्या. कैरो आणि स्किया या लायब्रऱ्या म्हणजे भिंत रंगवणारा पेंटर. 'इथून इथपर्यंत रेघ मार' म्हटलं की तो मारतो आणि विसरतो. नंतर 'ती रेघ जरा सरकव' म्हणालात तर त्याला काही आठवत नाही. भिंत पुसून पुन्हा रंगवायची. याउलट क्यूटीचं ग्राफिक्स व्ह्यू, किंवा पायथनसोबत येणाऱ्या टीकेचा कॅनव्हास, हे जिल्हा परिषद शाळेतल्या खादीफलकासारखे. चित्रं चिकटवलेली असतात, प्रत्येक वेगळं ओळखता येतं, उचलून दुसरीकडे लावता येतं. क्लिक कोणत्या शेतावर पडलं, हे खादीफलक स्वतः सांगतो. पेंटरकडे ते गणित तुम्हालाच लिहावं लागतं.

मग खादीफलकच घ्यावा ना? इथेच बहुतेक जण फसतात. फलकावरच्या चित्रालाच आपण आपला डेटा समजू लागतो. गट नंबर त्याच्यातच, क्षेत्रफळ त्याच्यातच, कोपऱ्यांचे आकडेही त्याच्यातच. सहा महिन्यांनी लायब्ररी बदलायची वेळ आली की डेटा सुटून येत नाही. अशी वेळ येतेच. क्यूटीमध्येच पूर्वी क्यूकॅनव्हास होता, २००६ मध्ये ४.२ आवृत्तीत ग्राफिक्स व्ह्यूने त्याची जागा घेतली. इंकस्केपसारख्या मोठ्या प्रकल्पानेही आपला जुना रेंडरर काढून कैरो आणला आणि तो बदल २०१५ च्या ०.९१ आवृत्तीत लोकांपर्यंत पोहोचला.

क्यूजीआयएस तुम्ही वापरलंच असेल. त्याचा नकाशा दिसतो तो भाग ग्राफिक्स व्ह्यूवरच बांधलाय, पण लाखभर शेतं म्हणजे लाखभर चिकटवलेली चित्रं असा प्रकार तिथे नाही. सगळे थर मागच्या मागे एका प्रतिमेत रंगवले जातात आणि ती प्रतिमा एकच वस्तू म्हणून फलकावर बसते. तुम्ही रेघ ओढता तेव्हा दिसणारी तात्पुरती रेषा किंवा कोपऱ्याची खूण मात्र सुटी वस्तू असते. म्हणजे स्थिर ते पेंटरकडे, हलतं ते फलकावर. डेटा दोघांपासून वेगळा. आपल्या छोट्या ॲपलाही हीच रचना पुरते.

आता आकड्यांकडे या. बोदवड यूटीएमच्या ४३ व्या झोनमध्ये येतं आणि विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर सुमारे २३ लाख मीटर. स्किया आकडे ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ठेवते. त्यात अचूकतेला २४ बिट मिळतात, म्हणून २३ लाखांच्या आसपास दोन शेजारच्या आकड्यांमध्ये ०.२५ मीटरचं अंतर पडतं. नीट वाचा: पाव मीटर! बांधाचा कोपरा प्रत्यक्षात कुठेही असो, तो पाव मीटरच्या पायरीवरच बसणार. बांधावरून आपल्याकडे भावाभावांत काय होतं ते मी सांगायला नको. उपाय सोपा आहे. डेटा डबलमध्ये ठेवा, गावातला एक बिंदू शून्य धरा, तो वजा करूनच आकडे लायब्ररीकडे द्या. कैरोची तऱ्हा वेगळी: तिथे पडद्यावरचे आकडे २४.८ फिक्स्ड पॉइंटमध्ये जातात, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेलच्या पलीकडे जागाच नाही. खूप झूम केल्यावर पडद्याबाहेरचे बिंदू त्यापलीकडे जाऊन रेषा भलतीकडे धावली, तर कारण हे असू शकतं. दिसणाऱ्या चौकटीबाहेरचा भाग आधीच कापून टाकायचा.

बांधाचंच आणखी एक. लागून असलेली दोन शेतं एकाच हिरव्या रंगाने भरली तरी मधे फिकट रेघ दिसते. रेषेच्या कडा गुळगुळीत करताना पहिलं शेत काठावरचा पिक्सेल अर्धा झाकतं, दुसरं उरलेल्याचा अर्धा झाकतं, आणि चतुर्थांश पांढरा कागद शिल्लक राहतो. हा दोष कैरोत, स्कियात, क्यूटीत, सगळीकडे दिसेल, त्यामुळे यासाठी लायब्ररी बदलू नका. भरण गुळगुळीत न करता करा आणि बांध वरून एकदाच काढा. त्यासाठी सामाईक बांध डेटात एकदाच साठवलेला हवा. तसा असेल तर तो सरकवल्यावर दोन्ही शेतं एकदम बदलतात.

आणि मराठी अक्षरं! माझी मोठी फजिती इथे झाली. मी चाचणीसाठी 'बोदवड' लिहिलं. छान दिसलं. गाडी पुढे गेली. बऱ्याच आठवड्यांनी शेजारचं 'मुक्ताईनगर' टाकलं तर 'क्'चा पाय मोडलेला आणि 'त' वेगळा. 'शिरपूर'ची वेलांटी 'श'च्या मागे जाऊन बसली. 'बोदवड'मध्ये जोडाक्षर नाही, पहिली वेलांटी नाही, रफार नाही. अक्षरं एकापुढे एक मांडली तरी ते बरोबरच दिसतं. मी कैरोचं साधं शो-टेक्स्ट वापरलं होतं, ज्याला तिच्या माहितीपत्रातच 'टॉय' म्हटलंय. ते एका अक्षरचिन्हाला एक आकार एवढंच करतं. देवनागरीची जुळणी हार्फबझ करते. कैरोसोबत ती पँगोमार्फत मिळते, क्यूटीत आतच असते, स्कियात जुळणीचं वेगळं मॉड्यूल जोडावं लागतं.

पायथनमध्ये, एकट्याने, एका तालुक्याएवढं काम असेल तर मी आज क्यूटी घेईन, पायसाइडमार्फत, कारण त्याचा परवाना एलजीपीएल आहे आणि पायक्यूटीचा जीपीएल. प्रबंधात नकाशे व्हेक्टर पीडीएफ म्हणून जाणार आणि माऊसचं काम जवळपास नसेल, तर कैरो-पँगो अजूनही उत्तम. स्कियाकडे मी मोबाईलवरही तेच ॲप न्यायचं असेल तेव्हाच वळेन.

निवड पक्की करण्याआधी एक संध्याकाळ काढा. प्रत्येक लायब्ररीत दोन लागून असलेली शेतं काढा, खरे यूटीएम आकडे द्या, हजारपट झूम करा, पीडीएफ काढून बघा. आणि नावं म्हणून 'मुक्ताईनगर', 'शिंदखेडा' आणि भुसावळ तालुक्यातलं 'कुऱ्हे' टाका. 'कुऱ्हे' मुद्दाम, कारण त्यातला 'ऱ्ह' हा आपला खास मराठी, आणि हिंदी शब्दांवर तपासलेल्या कितीतरी फॉन्टना तो अजून जमत नाही.