एका बाजूलाच वकील

२०१५ साली अमेरिकेतल्या एका खटल्यात जॅक वाइल नावाच्या ज्येष्ठ इमिग्रेशन न्यायाधीशांची जबानी झाली. इतर न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तीन-चार वर्षांच्या मुलांनाही आपण इमिग्रेशनचा कायदा शिकवला आहे, वेळ लागतो, धीर धरावा लागतो, पण मुलांना तो कळतो, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. वर्तमानपत्रांत हे छापून आल्यावर गदारोळ झाला आणि बोलणं संदर्भ सोडून घेतलं गेल्याचा खुलासाही झाला. पण हा प्रश्न कोर्टापुढे आलाच कशाला, हे पाहण्यासारखं आहे. हद्दपारीच्या सुनावणीला उभ्या राहणाऱ्या लहान मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळावा, एवढीच त्या खटल्यातली मागणी होती, आणि सरकार तिला विरोध करत होतं. अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या बातम्या आपण वाचतो त्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणांच्या, भिंतीच्या, व्हिसाच्या शुल्काच्या. माझं म्हणणं असं की एखादा माणूस त्या देशात राहतो की घालवला जातो, हे घोषणांइतकंच किंवा त्याहून जास्त एका साध्या गोष्टीवर ठरतं: त्याच्या बाजूला वकील होता का, आणि योग्य माहिती त्याच्यापर्यंत वेळेत पोचली का.

खिशात पैसे नसलेल्या आरोपीला सरकारने वकील दिलाच पाहिजे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली दिला. दुकानातून सामान चोरल्याबद्दल तुरुंगवासाची शिक्षा होणार असेल, तर त्या चोरालाही वकील मिळतो. हद्दपारीला मात्र तो निकाल लागू होत नाही, कारण हद्दपारी ही शिक्षाच नव्हे, असं त्याच न्यायालयाने १८९३ साली चिनी मजुरांच्या खटल्यात ठरवून टाकलं होतं. सव्वाशेहून अधिक वर्षं तो विचार टिकून आहे. वकील नेमण्याचा हक्क कायदा देतो, पण सरकारला खर्च पडू न देता, अशी अटही घालतो. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला हक्क आहे. शिवाय ही इमिग्रेशन कोर्टं न्यायसंस्थेचा भागच नाहीत. ती न्याय खात्याखाली चालतात, तिथले न्यायाधीश त्या खात्याचे नोकर असतात, आणि स्थलांतरिताच्या विरुद्ध उभा राहणारा वकीलही सरकारी पगारावरचा असतो. २०२४ अखेर या कोर्टांत ३५ लाखांहून अधिक प्रकरणं पडून होती आणि न्यायाधीश होते सातशेच्या आसपास. पुढच्या वर्षभरात त्यांतले शंभराहून अधिक काढले गेले किंवा सोडून गेले.

वकिलाने फरक पडतो हे कुणीही सांगेल. किती पडतो हे मोजलं गेलं आहे. न्यूयॉर्कमधल्या फेडरल अपील न्यायालयाचे न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन यांच्यासमोर अशी प्रकरणं सारखी येत होती. वकिलीची दुर्दशा पाहून २००७ साली त्यांनी जाहीर व्याख्यानात हा विषय मांडला आणि मग अभ्यासगट उभा केला. त्या गटाच्या २०११ च्या अहवालात न्यूयॉर्कच्या कोर्टांतले आकडे आले: जे कोठडीत नव्हते आणि ज्यांना वकील होता, त्यांच्यापैकी ७४ टक्क्यांच्या बाजूने निकाल लागला; जे कोठडीत होते आणि ज्यांना वकील नव्हता, त्यांच्यापैकी अवघ्या ३ टक्क्यांच्या. २०१५ साली इन्ग्रिड इगली आणि स्टीव्हन शेफर या संशोधकांनी देशभरातली बारा लाखांवर प्रकरणं तपासली. एकूण ३७ टक्के लोकांना वकील मिळालेला होता. कोठडीतल्या लोकांत हे प्रमाण १४ टक्के होतं.

इथे एक शंका रास्त आहे. वकील मुळातच जिंकण्याजोगी प्रकरणं घेतात. मग यश वकिलाचं की प्रकरणाचं? ७४ आणि ३ या आकड्यांपुढे ती शंका उभी राहतेच, कारण वकील परवडणारा, कोठडीबाहेरचा माणूस आणि कोठडीत एकटा पडलेला माणूस यांच्यात बाकीही पुष्कळ फरक असतात. तिचं बरंचसं उत्तर २०१३ साली न्यूयॉर्क शहराच्या नगर परिषदेने सुरू केलेल्या योजनेतून मिळालं. कोठडीतल्या गरीब स्थलांतरिताला शहराच्या पैशातून वकील द्यायचा, आणि प्रकरण बळकट की दुबळं हे न बघता द्यायचा, असा तिचा नियम होता. उत्पन्नाची अट तेवढी होती. निवड नाही म्हटल्यावर आकडे घसरायला हवे होते. व्हेरा इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये केलेल्या मूल्यमापनात मात्र योजनेआधी वकिलाविना ४ टक्के लोक यशस्वी होत होते, आणि योजनेनंतर ४८ टक्के होतील असा अंदाज निघाला. अंदाज म्हणतो, कारण बरीच प्रकरणं तेव्हा संपायची होती. पण त्यात चूक धरून आकडा निम्म्यावर आणला, तरी उरणारा फरक लहान नाही. उलटही वाचा: निम्म्याहून अधिक लोक वकील असूनही हरणार होते. म्हणजे वकील राहण्याचा हक्क निर्माण करत नाही. असलेला हक्क कोर्टापुढे ठेवतो.

हे कसं घडतं ते समजून घ्यायचं तर कागदांकडे पाहावं लागेल, कारण या सगळ्या प्रकारात खरी लढाई कागदांचीच असते. अमेरिकेत आल्यापासून एक वर्षाच्या आत आश्रयाचा अर्ज करावा लागतो. मुदत चुकली की मोजके अपवाद सोडता दार बंद. घर बदललं तर दहा दिवसांत गृहसुरक्षा खात्याला कळवायचं, आणि कोर्टात प्रकरण असेल तर कोर्टाला वेगळ्या फॉर्मवर पाच दिवसांत. एका ठिकाणी कळवलं म्हणजे दुसरीकडे आपोआप कळतं, असा समज करून घेणाऱ्याची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, तारीख चुकते आणि त्याच्या गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम निघतो. त्याची बाजू किती खरी होती हे कुणी विचारतच नाही. दहा वर्षांहून अधिक राहिलेल्या आणि अमेरिकन मुलाबाळांवर हद्दपारीने असाधारण संकट येईल अशा माणसाला तिथे सवलत मागता येते; गुन्ह्याचा बळी ठरून पोलिसांना मदत केलेल्याला वेगळा व्हिसा मागता येतो. बांधकामावर किंवा हॉटेलच्या भटारखान्यात राबणाऱ्याला हे कुठून माहीत असणार? मग तो गाठतो पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्या ‘कन्सल्टंट’ला. वर्क परमिट मिळेल म्हणून कन्सल्टंट त्याच्या नावाने आश्रयाचा अर्ज ठोकून देतो. अर्ज जाणूनबुजून खोटा ठरला तर त्या माणसाला इमिग्रेशनची कुठलीही सवलत कायमची बंद होते. कन्सल्टंटचं दुकान तोवर दुसऱ्या रस्त्यावर गेलेलं असतं.

२०२५ या वर्षाने याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. जानेवारीत आलेल्या लेकन रायली कायद्याने चोरीसारख्या गुन्ह्याचा नुसता आरोप असलेल्या बेकायदा स्थलांतरितालाही सक्तीने कोठडीत ठेवायची तरतूद केली. त्याच महिन्यात, २००३ पासून चालत आलेला, कोठडीतल्या लोकांना कायद्याची प्राथमिक माहिती देणारा कार्यक्रम थांबवण्याचा आदेश निघाला. मार्चमध्ये एकट्या आलेल्या सुमारे २६,००० मुलांना वकील पुरवणारा करार सरकारने रद्द केला. कोर्टात जाऊन तो परत सुरू करून घ्यावा लागला. जुलैच्या मोठ्या अर्थविषयक कायद्यात कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर ठेवले गेले, आश्रयाच्या अर्जाला पहिल्यांदाच किमान शंभर डॉलर शुल्क लागलं, आणि इमिग्रेशन न्यायाधीशांची संख्या २०२८ पासून आठशेच्या वर जाऊ नये अशी मर्यादाही आली. खाटा वाढवायच्या आणि न्यायाधीश रोखायचे, यातून लोक जास्त दिवस कोठडीत राहणार हे गणित शाळकरी पोरालाही सुटावं.

आक्षेप अर्थातच आहेत, आणि ते सगळेच द्वेषातून येतात असं मी मानत नाही. पहिला आक्षेप: ज्याने कायदा मोडला त्याच्या वकिलाचा खर्च करदात्याने का करायचा? पण कायदा मोडला की नाही, हेच तर ठरायचं असतं. या कोर्टांत ग्रीन कार्डधारक येतात, छळातून पळालेले येतात, क्वचित चुकून पकडलेले नागरिकही येतात. २०२५ च्या मार्चमध्ये मेरीलँडमधल्या एका रहिवाशाला एल साल्वादोरच्या तुरुंगात धाडलं गेलं. त्याला त्या देशात पाठवू नये असा इमिग्रेशन न्यायाधीशाचाच २०१९ चा आदेश होता. ही प्रशासकीय चूक असल्याचं सरकारनेच कोर्टात मान्य केलं, तेही कुटुंबाने वकिलामार्फत दावा लावल्यावर. दुसरा आक्षेप: वकील तारखांवर तारखा घेतात, खटले लांबतात. काही घेतात, हे खरं. पण कोठडीतल्या एका माणसाचा दिवसाचा खर्च दीडशे डॉलरच्या घरात जातो, आणि ज्याच्या प्रकरणात दम नाही त्याला तसं स्पष्ट सांगून वेळ वाचवणाराही वकीलच असतो. कोर्टाची भाषा न कळणारा माणूस समोर उभा राहिला की न्यायाधीशाला त्याचंही काम करावं लागतं. तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे: एवढं दिलं की आणखी लोक येतील. पण माणूस घर सोडतो तो घरच्या हलाखीमुळे आणि तिकडच्या रोजगारामुळे. खटला चालवायला वकील मिळेल म्हणून कुणी घर गहाण टाकून ‘डंकी’च्या, म्हणजे चोरून सीमा ओलांडण्याच्या, वाटेला लागेल, हे पटत नाही.

मराठी वाचकाच्या मनात आणखी एक आक्षेप असतो, तो सहसा बोलला जात नाही: आपली माणसं शिकलेली, व्हिसावर गेलेली, त्यांचा याच्याशी काय संबंध? ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानातल्या १०४ जणांत हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे लोक बहुसंख्य होते. महाराष्ट्राचे तिघे होते. तीन हा आकडा लहान आहे. मग त्याच वर्षीच्या मार्च-एप्रिलकडे पाहू. हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अचानक बंद झाल्या, काहींच्या बाबतीत कारण होतं कधीकाळच्या वाहतूक नियमभंगाचं. अमेरिकन इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेने गोळा केलेल्या ३२७ प्रकरणांत निम्मे विद्यार्थी भारतीय होते. ठिकठिकाणी दावे दाखल झाले, न्यायाधीशांनी धडाधड स्थगिती दिली आणि २५ एप्रिलला सरकारने माघार घेतली. व्हिसा त्या मुलांकडेही होता. त्यांना वाचवलं वकिलांनी. सप्टेंबरमध्ये एच-वन-बीच्या एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली तेव्हा लोक विमानातून उतरले, मिळेल त्या भावाने तिकिटं काढून परतू लागले. शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. आणि हा प्रश्न फक्त परदेशातलाच समजू नये. जून २०२५ मध्ये पश्चिम बंगालचे काही मजूर महाराष्ट्रात बांगलादेशी म्हणून पकडले गेले, सीमेपार ढकलले गेले आणि त्यांच्या राज्य सरकारने कागद दाखवल्यावर परत आणले गेले. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील देण्याची तरतूद आपल्या १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. सुनावणीच झाली नाही, तर ती कागदावरच राहते.

वॉशिंग्टन बदलत नसेल तर काम स्थानिक पातळीवर करावं लागतं, आणि ते होतं, हे न्यूयॉर्कने दाखवलं आहे. तिथे २०१८ साली सुरू झालेली ‘डॉक्युमेंटेड’ ही ना-नफा वृत्तसंस्था स्थलांतरितांना व्हॉट्सअ‍ॅपवर स्पॅनिशमधून बातम्या पोचवते आणि त्यांचे प्रश्नही घेते. ‘ड्रम’सारखी संघटना २००० पासून दक्षिण आशियाई कामगारांत काम करते. शहराच्या २०१७ च्या कायद्याने सरकारी खात्यांना दहा भाषांत माहिती देणं बंधनकारक केलं. त्यांत बंगाली आणि उर्दू आहेत, हिंदी, पंजाबी नाहीत. मराठीचा तर प्रश्नच नाही. तेवढी जागा आपल्या माणसांनीच भरायची आहे.

ती भरण्याची एक वाट अमेरिकेच्या नियमांतच आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. गरिबांची सेवा करणारी करमुक्त ना-नफा संस्था न्याय खात्याकडून मान्यता घेऊ शकते, आणि तिचा प्रशिक्षित कार्यकर्ता वकील नसतानाही अर्जांच्या कामात, पूर्ण अधिकार मिळाल्यास कोर्टातही, स्थलांतरिताची बाजू मांडू शकतो. चर्चशी जोडलेल्या संस्था हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. तिकडचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, गावोगावची मराठी मंडळं आहेत, गणपती आणि दिवाळी ती थाटात करतात. त्यांनी मान्यतेच्या अर्जांची सध्याची स्थिती तपासून या वाटेने जायचं ठरवावं. तोवर निदान तीन गोष्टी आपल्या सभासदांना आणि त्यांच्याकडे, त्यांच्या दुकानांत, मोटेलांत काम करणाऱ्यांना सांगाव्यात. पत्ता बदलला की दोन्हीकडे कळवायचं. वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही. आणि अटक झाली तर व्हिएन्ना करारानुसार भारतीय वकिलातीला कळवण्याची मागणी करायची. अडचणीतल्या भारतीयांसाठी वकिलातींकडे २००९ पासून कल्याण निधी आहे आणि योग्य प्रकरणांत प्राथमिक कायदेशीर मदतही त्यातून मिळू शकते.