वारशावर हक्क कोणाचा?

चंद्रपूरचा परकोट आणि मार्कंड्याची देवळं सांगून झाली की आपल्याकडची वारशाची यादी आटोपते. फलक लावलेला असेल तोच वारसा, हा पहिला गैरसमज. भामरागडकडे माडिया लोक मृतांच्या आठवणीसाठी दगड उभे करतात. तिथे फलक नाही, पण कायदा आहे.

तो कायदा 2006 चा वनहक्क कायदा. ‘तो जमिनीच्या पट्ट्यांचा,’ असं तालुक्याच्या कचेरीतसुद्धा ऐकू येतं. पट्टे त्यात आहेतच. पण कलम 5 नुसार आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला धक्का लावणारी कृती रोखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. देवराई, पूजेचं झाड, तळं, दफनभूमी हे तर दाव्याचे पुरावेच धरले जातात. ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हाच धागा पकडला आणि डोंगरदेवाचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. एटापल्लीतल्या सुरजागडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि त्याच डोंगरात लोहखनिजाची खाण चालते, हे इथे आठवायला हवं.

‘ग्रामपंचायतीचा ठराव आहे ना, झालं!’ हेही चुकीचं. पंचायत निवडून आलेल्या मूठभर सदस्यांची. ग्रामसभा गावातल्या सगळ्या प्रौढांची. आदिवासी अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने 1996 मध्ये रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचं काम सोपवलं ते ग्रामसभेकडेच.

आणि लोकसहभाग? मंत्री आले की मोरपिसं लावून रेला नाचायचा, यालाच आपण सहभाग म्हणतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने वेगळं करून दाखवलं. गावाने गोटुल, म्हणजे तरुणांनी एकत्र जमायचं पारंपरिक घर, बांधला. सागवान वापरलं म्हणून वनखात्याने तो पाडला. मग आजूबाजूची गावं एकत्र बसली आणि आपापल्या गावात गोटुल उभारू लागली. पुढे 2009 मध्ये याच मेंढा-लेखाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. आधी सगळ्यांनी बसून ठरवायची सवय लागली, कागद नंतर आला. माझ्या मते खरा क्रम हाच.

आपल्या गावाच्या सामूहिक वनहक्क दाव्याचा नकाशा एकदा मागून बघा. यात्रेची जागा, देवराई, दफनभूमी त्यात नसेल तर ग्रामसभेत विषय काढा. सभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया.