खरिपाआधी परभणीला
१८ मे हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा १९७२ सालचा स्थापना दिवस. दरवर्षी त्याच दिवशी तिथं खरीप मेळावा भरतो, रब्बीचा १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामदिनी. आमच्या जवळा बाजारचे बहुतेक जण बियाण्याच्या रांगेतच अडकतात; मी मात्र आधी चर्चासत्राच्या मंडपात बसतो. घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची रीत तिथंच पक्की झाली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. ७० उगवले तर एकरी ३० किलो पेरा. कमी भरले तर बियाणं वाढवा. एवढ्यानं दुबार पेरणीचा एक धोका तरी टळतो. सप्टेंबरात जाताना कपाशीची लाल्या पडलेली पानं पिशवीत घालून न्या. शास्त्रज्ञ हातात घेऊन बघतात.