पैसे देणे क्षणाचे, परत मिळवणे दिवसांचे: रायपूरच्या बाजारात मोबाइल, कार्ड की रोकड?

रायपूर : गोलबाजारातील मसाल्याच्या दुकानात, शास्त्री बाजारातील भाजीच्या ओट्यावर किंवा तेलीबांधा तलावाकाठच्या चाटच्या गाडीवर खरेदी उरकली की ग्राहकाचा हात आता सवयीने मोबाइलकडे जातो. क्यूआर कोड टिपला जातो, पिन टाकला जातो आणि गल्ल्याशेजारचा साउंडबॉक्स जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगतो. तोच ग्राहक पंडरीच्या कापड बाजारात लग्नाचा बस्ता बांधताना कार्ड पुढे करतो आणि सदर बाजारात सराफाच्या पेढीवर बसला की धनादेशाचाही विचार करतो. वरवर पाहता ही निवड केवळ सोयीची वाटते. तिच्यामागे मात्र दोन प्रश्न असतात. व्यवहाराचा खर्च कोण सोसतो, आणि व्यवहार फसलाच तर पैसे परत मिळवून देणे कोणाचे काम, हे ते प्रश्न होत.

यूपीआय ही व्यवस्था भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने ११ एप्रिल २०१६ रोजी २१ बँकांसह प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्या आणि एटीएमसमोरच्या रांगांनी कंटाळलेल्या दुकानदारांनी क्यूआर कोडचे कागद भिंतीवर चिकटवले. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्यांचे मूल्य २४ लाख ८५ हजार कोटी रुपयांच्या आसपास होते.

दुकानदारांना ही पद्धत आवडण्याचे मुख्य कारण रोखीच्या हिशेबात आहे. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून कोणतेही व्यवहार शुल्क आकारले जात नाही. क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी. तेथे बिलाच्या साधारण दीड ते दोन टक्के, कधी त्याहूनही अधिक रक्कम बँका आणि कार्ड कंपन्यांच्या साखळीत वाटली जाते. पंडरीत २०,००० रुपयांचे कापड क्रेडिट कार्डावर विकले आणि शुल्क दोन टक्के असले, तर ४०० रुपये दुकानदाराच्या नफ्यातून जातात. क्यूआर कोडवर तीच विक्री पूर्ण २०,००० रुपयांची राहते. ‘मशीन बंद आहे’ किंवा ‘कार्डाने द्याल तर दोन टक्के जास्त’ ही वाक्ये ग्राहकाच्या कानी पडतात, ती या ४०० रुपयांमुळे. डेबिट कार्डाने पैसे देणाऱ्या ग्राहकावर दुकानदारांनी हे शुल्क लादू नये, याची काळजी बँकांनी घ्यावी, असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मधील परिपत्रकात स्पष्ट केले आहे. पण गल्ल्यासमोर घासाघीस चालू असताना परिपत्रक कोण काढून दाखवणार?

दरम्यान, रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय सप्टेंबर २०२२ पासून झाली. छोट्या दुकानदारांसाठी २,००० रुपयांपर्यंत या व्यवहारावरही शुल्क नाही. त्यापुढे ते लागते. ग्राहकाला पडद्यावर दोन्ही व्यवहार सारखेच दिसतात, दुकानदाराच्या खात्यात मात्र ते सारखे नसतात.

यूपीआयचा खर्च शून्य झाला असे मात्र नाही. संगणक यंत्रणा, बँकांचे मनुष्यबळ, तक्रार निवारण यांवर पैसा खर्च होतोच. तो काही अंशी सरकारी तिजोरीतून भरला जातो. २०२४-२५ या वर्षासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये १,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली. छोट्या दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के दराने ही रक्कम बँका व सेवा पुरवठादारांना देण्याची तरतूद त्यात होती. मोठ्या व्यवहारांवर शुल्क लागणार, ही जून २०२५ मधील चर्चा अर्थ मंत्रालयाने फेटाळली. दुसरीकडे, हा खर्च कोणाला ना कोणाला उचलावाच लागेल, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी त्यानंतर मांडली. साउंडबॉक्सचे मासिक भाडे देणाऱ्या दुकानदाराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो दुसरा प्रश्न. क्रेडिट कार्डाने पैसे देताना ग्राहकाच्या खात्यातील रक्कम लगेच हलत नाही. बँक आधी भरते आणि बिल नंतर येते. माल मिळालाच नाही किंवा कबूल केल्यापेक्षा वेगळा निघाला, तर ग्राहक बँकेकडे वाद नोंदवू शकतो आणि ती रक्कम दुकानदाराच्या बँकेकडून परत मागवण्याची प्रस्थापित पद्धत कार्ड व्यवस्थेत आहे. यूपीआयमध्ये ग्राहक स्वतः पिन टाकून पैसे पाठवतो आणि ते काही सेकंदांत समोरच्या खात्यात पोहोचतात. चुकीच्या माणसाला किंवा भामट्याला पाठवलेले पैसे परत मिळणे मग बरेचसे त्या खात्यात रक्कम शिल्लक आहे की नाही यावर अवलंबून राहते. म्हणूनच आगाऊ रक्कम देऊन महिनाभराने फर्निचर किंवा दागिना हाती येणार असेल, तेथे कार्डाची दोन टक्क्यांची कटकट कधी कधी परवडते. हातोहात मिळणाऱ्या पावशेर मिरचीसाठी तिची गरज नाही.

पैसे खात्यातून गेले पण दुकानदाराला मिळाले नाहीत, हा अनुभव मोबाइल वापरणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी तरी येतो. अशा वेळी दुकानदार पुन्हा पैसे मागतो, ग्राहक मोबाइलवरचा संदेश दाखवतो आणि मागची रांग वाढत जाते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमांनुसार, दुकानात केलेल्या अशा यूपीआय किंवा कार्ड व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देय असते आणि त्यासाठी ग्राहकाने अर्ज करण्याची वाट पाहू नये, असे नियम सांगतो. बँकेने तक्रारीची ३० दिवसांत दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक जपून ठेवला असेल, तर या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात.

फसवणुकीच्या बाबतीत वेळ अधिक महत्त्वाची. ग्राहकाचा दोष नसताना त्रयस्थाने खात्यातून पैसे काढले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने कळवले, तर त्याच्यावर कोणताही भार पडत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक सांगते. स्वतःच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने केलेला दूरध्वनी पुढच्या खात्यातील रक्कम गोठवण्यास उपयोगी पडतो. धोका दुकानदारालाही आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातील खजुराहो येथे काही दुकानांबाहेरच्या क्यूआर कोडवर रातोरात दुसरे कोड चिकटवल्याचे उघड झाले. ग्राहक पैसे देत राहिले आणि ते भलत्याच खात्यात गेले. साउंडबॉक्स गप्प राहिला तर दुकानदार ग्राहकाला थांबवतो, त्याचे कारण असे प्रकार आणि बनावट पडद्याची चित्रे दाखवून माल नेणारे भामटे.

या सगळ्यात रोकड मागे पडली, असे म्हणता येत नाही. नोटाबंदीच्या आधी देशात सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन होते. मार्च २०२५ अखेर चलनातील नोटांचे मूल्य ३६ लाख कोटींच्या पुढे गेले होते. छत्तीसगडमध्ये याचा एक धागा शेतीशी जोडलेला आहे. प्रति क्विंटल ३,१०० रुपये दराने विकलेल्या धानाचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात येतात, पण बी-बियाण्याची उधारी, मजुरी आणि सणाची खरेदी यांसाठी ते अनेकदा नोटांच्या रूपातच बाहेर काढले जातात. सहकारी बँकांच्या शाखांपुढील रांगा हे हंगामातले परिचित दृश्य आहे.

दुसरा धागा महिलांच्या हातातील पैशाचा. राज्य सरकारच्या महतारी वंदन योजनेत मार्च २०२४ पासून सुमारे ७० लाख विवाहित महिलांच्या खात्यात दरमहा १,००० रुपये जमा होऊ लागले. यूपीआय चालण्यासाठी मात्र बँक खात्याशी जोडलेले सिमकार्ड त्याच फोनमध्ये असावे लागते, आणि अनेक घरांत तो क्रमांक पतीचा किंवा मुलाचा असतो. पैसा तिच्या नावावर आणि पिन दुसऱ्याच्या बोटांवर, अशी स्थिती असेल तर एटीएममधून काढलेल्या दोन पाचशेच्या नोटाच तिला खऱ्या अर्थाने स्वतःच्या वाटतात. साध्या फोनवरून व्यवहार करण्याची ‘१२३ पे’ सुविधा मार्च २०२२ मध्ये आली, तीही त्या क्रमांकावरच अवलंबून आहे.

दुकानदारही रोकडीकडे वळू शकतात, हे जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत दिसले. यूपीआयवरील जमा रकमांच्या आधारे कर्नाटकच्या कर विभागाने छोट्या विक्रेत्यांना नोटिसा पाठवताच अनेकांनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’चे फलक लावले. मोठ्या खरेदीत मात्र रोकडीला कायद्याचीच मर्यादा आहे: एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. सराफांकडील खरेदीसाठी यूपीआयची प्रति व्यवहार मर्यादा १५ सप्टेंबर २०२५ पासून २ लाख रुपये करण्यात आली. तरीही नवा फोन घेऊन लगेच सदर बाजारात जाणाऱ्याची पंचाईत होऊ शकते, कारण नव्या फोनवर पहिले २४ तास साधारणपणे ५,००० रुपयांपर्यंतच रक्कम पाठवता येते.

आणि यंत्रणा अधूनमधून थबकतेही. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय व्यवहार विस्कळीत झाले, तेव्हा ज्यांच्या खिशात कार्ड किंवा नोटा होत्या त्यांची खरेदी पार पडली. मोबाइलच्या कव्हरमागे पाचशेची एक नोट घडी करून ठेवणारे ग्राहक गोलबाजारात आजही भेटतात. तिचे सुटे मिळतील की उरलेल्या पैशांच्या बदल्यात चॉकलेट हाती येईल, हे दुकानदाराच्या गल्ल्यावर ठरते.